पायाचा सेल्युलायटिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात एका पायाची तक्रार वाढते. संध्याकाळी कणकण येते, रात्री हुडहुडी भरते आणि सकाळी पाहावं तर पोटरीपासून घोट्यापर्यंत पाय लाल, गरम आणि टम्म. भातलावणीला चिखलात उभे राहणारे, दिवसभर ओले बूट घालून फिरणारे, मधुमेही आणि पायाला आधीपासून सूज असणारे यांच्यात हा आजार जास्त दिसतो. रुग्ण आणि घरची माणसं नेहमी जे विचारतात, त्याची ही उत्तरं आहेत. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

सेल्युलायटिसमध्ये नेमकं काय होतं?

त्वचेचा खोल थर आणि त्याखालची चरबी यांत जंतू पसरतात. बहुतेक वेळा हे स्ट्रेप्टोकॉकस जातीचे असतात, काही वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हे जंतू एका जागी पू करून बसण्याऐवजी ऊतींमधून सपाट पसरत जातात. म्हणून पुवाचा फोड येत नाही, सगळा पट्टाच लाल होतो. संसर्ग त्वचेच्या वरच्या थरातच असेल तर कडा उंच आणि स्पष्ट दिसते. जुनी माणसं ज्याला धावरं म्हणतात ते हेच. उपचार दोन्हींचे जवळजवळ सारखेच आहेत.

रक्त खराब झालं किंवा अंगातली उष्णता बाहेर पडली म्हणून हे होत नाही. जंतू बाहेरून आत येतात, आणि त्यांना यायला वाट लागते.

पण पायाला कुठेच जखम नाही. मग जंतू शिरले कुठून?

बोटांच्या बेचक्यात पाहा. उजेडात बसा आणि बोटं एकेक करून हाताने फाकवा. सर्वांत घट्ट असते ती करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली जागा. तिथली कातडी पांढरी, भिजल्यासारखी, सुटत चाललेली दिसली आणि तळाशी बारीक लाल चीर असली, तर दार सापडलं. या चिखल्या म्हणजे बुरशीचा संसर्ग. बुरशी स्वतः सेल्युलायटिस करत नाही, पण ती कातडी फाडते आणि त्या चिरेतून जंतू आत जातात. चीर अर्ध्या सेंटिमीटरची असते, लाली मात्र वीतभर वर पोटरीवर उमटते. त्यामुळे दोन्हींचा संबंध लक्षात येत नाही.

बेचकं स्वच्छ असेल तर इतर वाटा शोधा: टाचेच्या भेगा, खाजवून निघालेली साल, इसब, डास किंवा किड्याचा चावा, काटा, बुटाने घासलेली जागा, फार खोल कापलेलं नख, नखुरडं. काही वेळा शोधूनही वाट सापडत नाही. तरी दोन्ही पायांची बेचकी तपासल्याशिवाय डॉक्टरांच्या खोलीतून उठू नका. मोजे काढून दाखवा, डॉक्टरांनी सांगितलं नाही तरी.

हा सेल्युलायटिसच आहे हे कसं ओळखायचं?

एकाच पायाला, काही तासांत ते एक-दोन दिवसांत वाढणारी लाली, ऊब, सूज आणि दुखणं. सोबत बहुतेकदा ताप असतो. अनेकांना थंडी-ताप आधी येतो आणि पाय काही तासांनी लाल होतो, त्यामुळे पहिला दिवस मलेरिया किंवा फ्लूच्या संशयात जातो. जांघेत अवधाण येतं. कधी पायावरून वर जाणारी लाल रेघ दिसते.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसतच नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसतीच आसपासपेक्षा गडद दिसते. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर विसंबा. हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला आणि मग दुखऱ्या पायाला लावा, उबेतला फरक लगेच कळतो. त्वचा ताणलेली आणि चकचकीत आहे का, बोटाने दाबलं की दुखतं का, हेही पाहा.

दोन्ही पाय लाल आहेत. दोन्हीकडे एकदम झालं का?

तसं क्वचितच होतं. दोन्ही नडग्या महिनोन्महिने तपकिरी-लाल आणि खाजऱ्या असतील, ताप नसेल, तर कारण बहुधा शिरांमधून रक्त वर नीट न चढणं हे असतं. अशा पायांना प्रतिजैविकांचे (अँटिबायोटिकचे) कोर्सवर कोर्स दिले जातात आणि गुण येत नाही, कारण तिथे जंतूच नसतात.

एका पायाच्या लालीतही इतर दोन कारणं नजरेआड करू नयेत. अंगठ्याच्या मुळाशी रात्रीतून ठणका लागला आणि चादरीचा स्पर्शही सोसत नसेल, तर तो गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा सांध्याचा दाह, असू शकतो. पोटरी आतून दुखते, सुजते, पण त्वचा फारशी लाल नाही. त्यात नुकतंच ऑपरेशन, लांबचा प्रवास किंवा अंथरुणाला खिळणं झालेलं आहे, तर शिरेत रक्ताची गुठळी आहे का हे डॉपलर सोनोग्राफीने पाहावं लागतं. ही तपासणी पुढे ढकलू नका. गुठळी फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो.

गळू आणि सेल्युलायटिस एकच का?

नाही. गळवात किंवा केसतोडीत पू एका जागी साठतो, मध्ये मऊ लागतं. तो पू चीर देऊन बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी काम होत नाही. सेल्युलायटिसमध्ये काढण्यासारखं काही नसतं. मात्र तीन-चार दिवसांनी लालीच्या मधोमध मऊ जागा लागू लागली तर आत पू झाला असेल, लगेच दाखवा. घरी सुईने टोचू नका, पिळू नका.

रात्रीच्या रात्री दवाखाना कधी गाठायचा?

पुढच्यांपैकी एक गोष्ट असली तरी सकाळची वाट पाहू नका.

- पाय दिसतो त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त आहे, माणूस तळमळतोय.
- लाली तासागणिक पुढे सरकतेय.
- त्वचा जांभळी, काळी किंवा राखाडी पडलीय, रक्ताळ पाण्याचे फोड आलेत, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर लागते किंवा तो भाग बधिर झालाय.
- रुग्ण गोंधळल्यासारखा बोलतोय, धाप लागलीय, हातपाय गार पडलेत, लघवी कमी झालीय.
- लाली पायाऐवजी चेहऱ्यावर आहे, डोळ्याभोवती सूज आहे आणि डोळा हलवताना दुखतं, किंवा दिसायला कमी येतंय.

पहिली तीन लक्षणं कातडीखालचं आवरण सडवणाऱ्या संसर्गाची असू शकतात. तो गोळ्यांनी थांबत नाही, तातडीने शस्त्रक्रिया करून मेलेला भाग काढावा लागतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा आणि शल्यचिकित्सक असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा.

लहान बाळ, केमोथेरपी किंवा स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू असलेली व्यक्ती आणि साखर फार वाढलेला मधुमेही यांना सौम्य दिसणारी लालीही त्याच दिवशी दाखवावी.

कोणत्या तपासण्या लागतात?

निदान पाहून आणि हात लावूनच होतं. तब्येत बरी असेल तर रक्तातली साखर, पेशींची तपासणी आणि क्रिएटिनिन एवढं पुरतं. क्रिएटिनिन यासाठी, की मूत्रपिंड कमजोर असेल तर औषधाचा डोस कमी करावा लागतो. जास्त ताप असेल किंवा रुग्णालयात दाखल करायचं असेल तर रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करतात. बहुतेक वेळा त्यात काही वाढत नाही, म्हणून संसर्ग नाही असा अर्थ काढू नये. अखंड त्वचेवर कापूस फिरवून केलेलं कल्चर कुचकामी आहे. पू निघाला तर तो मात्र पाठवायलाच हवा, कारण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस त्यातूनच कळतो.

औषध कोणतं आणि किती दिवस?

सौम्य आजारात तोंडाने घ्यायचं, स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस दोन्हींवर चालणारं औषध देतात. सेफालेक्सिन दिलं तर मोठ्या माणसाला साधारणपणे ५०० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडही वापरतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिनसारखा पर्याय असतो. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल, ओठ सुजले असतील किंवा धाप लागली असेल, तर ते चिठ्ठी लिहिण्याआधी सांगा. औषधाचं नाव आठवत नसेल तर जुनी चिठ्ठी घेऊन जा.

मुदत साधारण पाच दिवस, आणि पाचव्या दिवशी पुरेसा उतार नसेल तर ती वाढवतात. दर सहा तासांची गोळी लोक दिवसातून दोनदा घेतात, तिथे घोळ होतो. मधल्या मोठ्या खंडात औषधाची पातळी उतरते आणि जंतू पुन्हा उचल खातात. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि झोपताना असं जमवा, मोबाइलवर गजर लावा. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. गेल्या वेळी उरलेल्या चार गोळ्यांनी सुरुवात करणं सर्वांत वाईट: आजार अर्धवट दबतो आणि डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही.

गोळ्या सुरू होऊन एक दिवस झाला, तरी लाली वाढलीच. औषध बदलायचं का?

घाईने नको. पहिल्या २४ ते ४८ तासांत लाली थोडी पसरू शकते. मेलेल्या जंतूंमधून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे दाह काही काळ वाढतो. म्हणून नुसत्या लालीवरून निकाल लावू नका. ताप उतरतोय का, दुखणं कमी होतंय का, भूक परततेय का, हे आधी बदलतं.

अंदाजपंचे ठरवण्यापेक्षा रेघ मारा. साध्या बॉलपेनने लालीच्या कडेकडेने सगळीकडून रेघ ओढा आणि बाजूला तारीख आणि वेळ लिहा. रेघ त्वचेवर जोर न देता, ठिपक्याठिपक्यांनी मारली तर दुखत नाही. सकाळ-संध्याकाळ एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढा. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे हे फोटो नेले तर त्यांचं निम्मं काम होतं.

४८ ते ७२ तासांनीही ताप तसाच, दुखणं तसंच आणि लाली रेघेच्या बरीच बाहेर गेली, तर परत जा. तेव्हा निदान चुकलं का, आत पू झाला का, औषध लागू पडत नाही का, की गोळ्या वेळेवर घेतल्याच नाहीत, हे चारही प्रश्न विचारायचे असतात. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या.

सलाईन लावली की लवकर बरं होईल का?

उलटी होत नसेल, ताप फार नसेल आणि माणूस शुद्धीवर व्यवस्थित असेल, तर गोळ्यांनी तेवढाच गुण येतो. सलाईनच्या बाटलीतलं मीठ-पाणी संसर्ग बरा करत नाही. शिरेतून प्रतिजैविकं द्यायची वेळ येते ती खूप ताप, रक्तदाब उतरणं, वेगाने पसरणारी लाली, गोळ्या पोटात न टिकणं किंवा गोळ्यांनी गुण न येणं अशा वेळी. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत गोळ्यांवर आणता येतं.

घरी पायाचं काय करायचं?

पाय उंच ठेवा. इतक्या साध्या गोष्टीकडे जेवढं दुर्लक्ष होतं तेवढं दुसऱ्या कशाकडेही होत नाही. पाय खाली लोंबत राहिला की सुजेचं पाणी तिथेच साठतं, त्वचा ताणते आणि ठणका वाढतो. तोच पाय वर ठेवला की पाणी उतरतं.

खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवणं म्हणजे पाय उंच ठेवणं नव्हे. आडवं व्हायचं, आणि टाच छातीच्या पातळीपेक्षा वर यायला हवी. दोन उशा गुडघ्यापासून टाचेपर्यंत पूर्ण पायाखाली द्या. फक्त टाचेखाली उशी दिली तर गुडघा मागे ताणला जातो आणि टाचेवर भार येऊन तिथेच जखम होते. लाकडी किंवा लोखंडी खाट असेल तर पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा घाला. साधारण सहा इंच उंची मिळते आणि झोपेत उशा सरकण्याचा प्रश्न राहत नाही.

रोज रात्री आणि दिवसा जमेल तितका वेळ असं पडून राहा, पण अंथरुणाला खिळू नका. तासातासाने घोटा वर-खाली वीसेक वेळा हलवा, थोडं घरात चाला. हृदय कमजोर असून सपाट झोपल्यावर धाप लागणाऱ्यांनी, आणि चालताना पोटरीत गोळे येणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी आहे त्यांनी, आधी डॉक्टरांना विचारावं.

पाय रोज साबण आणि कोमट पाण्याने धुवायला हरकत नाही. सुजलेल्या पायातून अंगठी, पैंजण, जोडवी पहिल्याच दिवशी काढा, नंतर निघत नाहीत.

हळदीचा लेप, चुना, शेक, मालिश?

लेपाखाली लाली दिसत नाही, आणि हळदीचा रंग तर चार दिवस जात नाही. डॉक्टरांना कडा शोधता येत नाही. चुन्याने आणि तंबाखूच्या लेपाने आधीच नाजूक झालेली त्वचा भाजते. मधुमेहाने पाय बधिर असलेल्याने गरम पाण्याची पिशवी लावली की फोड येतात, आणि ते त्याला कळतही नाही. मालिश करू नका. घट्ट पट्टीही या दिवसांत नको.

मलमांबद्दल कळकळीने सांगतो. दुकानात मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांमध्ये बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि जोरकस स्टेरॉईड एकत्र असतं. स्टेरॉईडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून मलम गुणकारी वाटतं. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी पसरते आणि कातडी पातळ होऊन आणखी फाटते. नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं लिहिलेलं असेल तर ते बेचक्यात स्वतःच्या मनाने लावू नका. तसंही सेल्युलायटिसचे जंतू खोल असतात, वरून लावलेलं मलम तिथवर पोचत नाही.

दुखण्यासाठी कोणती गोळी?

पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० ते ६५० मिलिग्रॅम, गरजेप्रमाणे सहा-सहा तासांनी. यकृताचा आजार असेल तर विचारून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका. ताप, दुखणं दबल्याने गंभीर संसर्ग उशिरा कळतो, आणि मधुमेहींच्या मूत्रपिंडावर ताण येतो.

वांगं, आंबट, तिखट बंद करायचं का?

गरज नाही. जंतूंना वांग्याशी घेणं-देणं नाही. डाळ, उसळ, अंडी, दूध, मासे खा. त्वचा भरून यायला प्रथिनं लागतात. पाणी प्या.

मधुमेह असेल तर वेगळं काय?

संसर्गात साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेत संसर्ग बळावतो. या दिवसांत साखर रोज मोजा. जेवण कमी झालं म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, फोन करून डोस विचारा. उलट्या होत असतील तर मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हेही त्याच फोनवर विचारा. तळपायाला जखम असेल आणि त्याभोवती लाली असेल, तर तो साधा सेल्युलायटिस समजू नये. हाडापर्यंत संसर्ग गेलाय का हे पाहावं लागतं. अनवाणी चालणं घरातही नको.

घरात इतरांना होईल का?

सहसा नाही. जंतू खोल थरात असतात. वेगळी भांडी, वेगळी खोली कशालाच गरज नाही. पू किंवा पाणी वाहत असेल तर जखम झाकून ठेवा, हात धुवा आणि टॉवेल वेगळा ठेवा. कापलं-टोचलं असेल तर धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगा.

कातडी सोलतेय आणि सूज अजून आहे. औषध पुन्हा सुरू करू का?

सोलणं हे बरं होत असल्याचं लक्षण आहे, दुसऱ्या आठवड्यात तसं होतं. त्वचा काळपट दिसणं आणि संध्याकाळी सूज येणं काही आठवडे टिकतं. ऊब, ताप आणि दुखणं परत आलं नसेल तर प्रतिजैविकाची गरज नाही. कोरड्या त्वचेला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा, फक्त बेचक्यात नको.

दर पावसाळ्यात पुन्हा होतं. कायमचं थांबत नाही का?

प्रत्येक वेळच्या संसर्गाने त्वचेखालच्या लसिकावाहिन्यांचं, म्हणजे सुजेचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं, थोडं नुकसान होतं. त्यामुळे पायात थोडी सूज राहते, आणि सुजलेल्या पायात पुढचा संसर्ग सोपा होतो. हे चक्र तीन ठिकाणी तोडता येतं.

पहिलं, दार बंद करा. चिखल्यांवर क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, चार आठवडे. आठवड्यात खाज थांबते तेव्हाच लोक मलम सोडतात आणि महिन्यात चिखल्या परत येतात. मलमाआधी बेचकं पूर्ण कोरडं हवं: मऊ सुती कापडाची पट्टी प्रत्येक बेचक्यातून फिरवा. ओले बूट सलग दोन दिवस घालू नका, एक जोड सुकत ठेवा. शेतात गमबूट घालत असाल तर आत कोरडे सुती मोजे, आणि घरी आल्यावर बूट उलटे टांगून ठेवा.

दुसरं, सूज उतरवा. ठणका गेल्यावर, मापाचे दाब देणारे मोजे किंवा पट्टी. ऑस्ट्रेलियात पायाला जुनी सूज असलेल्या आणि वारंवार सेल्युलायटिस होणाऱ्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाबाचे उपचार घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना आजार उलटला, न घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. मोजे घेण्याआधी पायातली नाडी तपासून घ्या. रक्तपुरवठा कमी असेल तर याच मोज्यांनी अपाय होतो. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, सूज यायच्या आत चढवायचे.

तिसरं, दीर्घकाळ पेनिसिलिन. वरचं दोन्ही करूनही वर्षात दोन-तीनदा होत असेल तर डॉक्टर याचा विचार करतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१३ च्या चाचणीत २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, वर्षभर दिली. त्या काळात २२ टक्क्यांना आजार उलटला, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. गोळी थांबल्यावर फायदा ओसरला, म्हणून पहिल्या दोन गोष्टी सुटता कामा नयेत. गोळ्या नियमित घेणं जमत नसेल तर काहींना बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी देतात.

हत्तीरोग आहे आणि वरचेवर ताप येऊन पाय लाल होतो. हा जंताचा ताप का?

पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया पट्ट्यात हा प्रश्न फार येतो. पाय सुजण्याचं मूळ क्युलेक्स डासातून आलेल्या जंतात असलं, तरी असे झटके बहुतेकदा त्वचेतून शिरलेल्या जीवाणूंचे असतात. म्हणून अशा झटक्यावर डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतावरच्या, गोळ्या घेऊन भागत नाही, प्रतिजैविक लागतं. हत्तीपायाच्या प्रत्येक घडीत साबण-पाणी पोचेल असं रोज धुणं, घडी उघडून टिपून कोरडी करणं, चिरांना मलम, पाय उंच आणि मापाची चप्पल, एवढं केलं तर झटके स्पष्टपणे कमी होतात. सूज पूर्ण जात नाही, पण दर महिन्याचा ताप आणि बुडणारी मजुरी थांबते.

माशाचा काटा लागला किंवा जखम घेऊन खाऱ्या पाण्यात उतरलो. सांगायला हवं का?

हो, पहिल्याच वाक्यात सांगा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मासे साफ करणाऱ्यांना आणि खाडीत उतरणाऱ्यांना वेगळे जंतू लागू शकतात, त्यांना औषधही वेगळं लागतं. समुद्राच्या कोमट पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस यकृताच्या रुग्णांत काही तासांत फोड आणि शॉक आणू शकतो. तसंच, पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांत प्रचंड दुखणं असेल, पण कातडी लाल नसेल, तर लेप्टोस्पायरोसिसची तपासणी मागा.

कामावर कधी जायचं?

ताप जाऊन दोन दिवस झाले, पाय खाली सोडल्यावर ठणकत नाही आणि चप्पल नीट बसते, तेव्हा. उभ्याचं काम असेल तर पहिला आठवडा अर्धा दिवस मागून घ्या आणि दुपारी अर्धा तास पाय वर करून पडा. चिखलातलं काम बेचक्यातली चीर पूर्ण भरेपर्यंत नको.